मुग्धभ्रांती : रुग्णालयातील वृद्ध आणि नावांचा प्रश्न

वृद्ध रुग्ण न्युमोनियाने अथवा मांडीचे हाड मोडल्यामुळे रुग्णालयात दाखल होतो आणि दोन-तीन दिवसांत त्याचे बोलणे विसंगत होऊ लागते. लोकभाषेत याला ‘वात झाला’ असे म्हणतात. ‘म्हातारचळ’ हा शब्दही सर्रास योजला जातो. असे शब्द केवळ वर्णन करीत नाहीत, निर्णयही देतात. ‘चळ’ म्हटले की ती वयाची परिणती ठरते आणि उपचाराचा प्रश्न तेथेच संपतो.

वैद्यकीय परिभाषेत या अवस्थेस ‘मुग्धभ्रांती’ अशी संज्ञा आहे. ती काही तासांत वा दिवसांत उद्भवते, दिवसभरात कमीअधिक होते व तीत अवधान ढळते. जंतुसंसर्ग, शरीरातील पाण्याची घट, तुंबलेली लघवी, वेदना, औषधांचा परिणाम अशी कारणे तिच्या मुळाशी असतात. म्हणून तिचा तातडीने शोध घ्यावा लागतो. स्मृतिभ्रंश बहुधा सावकाश वाढतो. विषादातील उदासी आठवडेच्या आठवडे टिकते. या तिन्ही अवस्था एकाच रुग्णात एकत्र असू शकतात.

संज्ञेतील ‘मुग्ध’ हे पद विचारार्ह आहे. संस्कृतात त्याचा एक अर्थ ‘मोह पावलेला’. मराठीत मात्र ‘मुग्ध राहणे’ म्हणजे न बोलणे. विकाराची रूपेही अशीच दोन आहेत. बडबडणारा, नळ्या उपसणारा रुग्ण सर्वांच्या ध्यानी येतो. भिंतीकडे तोंड करून निपचित पडलेल्याची नोंद ‘शांत आहे’ अशी होते. वृद्धांत हे दुसरे रूप पुष्कळ आढळते आणि नेमके तेच निसटते.

परीक्षेची भाषाही निर्दोष नसते. १९७५ साली फोल्स्टाइन व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या ३० गुणांच्या मानसिक परीक्षेत लिखित आज्ञा वाचून पाळावयाची व एक वाक्य लिहावयाचे असते. निरक्षर वृद्धेची बुद्धी शाबूत असली तरी येथे तिचे गुण घटतात. हरियाणातील बल्लभगड भागातील वृद्धांसाठी सिद्ध केलेल्या व १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या हिंदी रूपात परीक्षकाचे पाहून डोळे मिटावयाचे आणि घराविषयी एक वाक्य बोलावयाचे असते. येथे शब्दांच्या भाषांतरापेक्षा कृतीचे रूपांतर महत्त्वाचे ठरले.

प्रतिबंधाचे उपाय साधे आहेत. १९९९ साली अमेरिकेत शॅरन इनौये व सहकाऱ्यांनी ७० वर्षे व त्यावरील ८५२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवस व स्थळ यांची वारंवार आठवण देणे, झोप सांभाळणे, हिंडतेफिरते ठेवणे, चष्मा व श्रवणयंत्र हाताशी देणे, पाणी पाजणे या उपायांनी मुग्धभ्रांतीचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले.

रुग्णाचे नेहमीचे बोलणे कसे होते, हे मात्र घरच्यांनाच ठाऊक असते. ‘आज बाबा नेहमीसारखे नाहीत’ हे त्यांचे वाक्य तक्रार म्हणून न ऐकता लक्षण म्हणून नोंदले गेले पाहिजे.