ट्रॅक्टरची बॅटरी वारंवार का उतरते?

बीड जिल्ह्यातील पुष्कळ ट्रॅक्टर गळीत हंगामात ऊसवाहतुकीसाठी पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांवर जातात. हंगाम आटोपून केज तालुक्यातील युसूफ वडगावसारख्या गावी परतलेले यंत्र उन्हाळ्यात कित्येक दिवस उभेच राहते, आणि मृगाचा पाऊस होऊन वाफसा आला की नेमका त्या सकाळी सेल्फ फिरत नाही. मग ट्रॅक्टर ढकलावा लागतो. पुढे तो मुद्दाम उतारावर उभा करण्याची सवय जडते. ही सवय प्राणावर बेतू शकते. कित्येक शेतकरी नवी बॅटरी आणतात व तीही थोड्याच दिवसांत उतरते, कारण दोष बॅटरीत नसून अन्यत्र असतो.

प्रथम बॅटरी पूर्ण चार्ज करावी. किल्ली बंद करून ऋण टोकाची, म्हणजे अर्थची तार सोडवावी व बॅटरी दोन-तीन दिवस तशीच ठेवावी. चांगली १२ व्होल्टची बॅटरी विसावल्यावर मल्टिमीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. आकडा १२ च्या खाली गेल्यास ती बहुतांशी रिकामी झाली असे समजावे. तार सोडूनही ती उतरली तर बॅटरीच बाद झाली आहे. सोडल्यावर टिकते आणि जोडल्यावर उभ्या उभ्या उतरते, तर वीज कोठेतरी झिरपत आहे.

ही गळती शोधण्यास मोठ्या उपकरणाची गरज नाही. सोडविलेली तार व ऋण टोक यांच्यामध्ये १२ व्होल्टचा लहान दिवा जोडावा. सर्व काही बंद असताना दिवा पेटला, तर एकेक फ्यूज काढीत जावे. ज्या फ्यूजबरोबर दिवा विझेल, त्या वाटेवर दोष आहे. सर्व फ्यूज काढूनही दिवा पेटतच राहिला, तर आल्टरनेटरमधील डायोड किंवा बॅटरीवरून थेट ओढलेली तार तपासावी. गाणी वाजविण्याचे यंत्र व जादा दिवे बहुधा असेच जोडलेले असतात, हे मालकाने मोकळेपणाने कबूल करावे! पाव अँपिअरची गळतीदेखील दिवसाला ६ अँपिअर-तास खाते. ८० अँपिअर-तासांची बॅटरी आठवड्यात निम्मी रिकामी होते. फार सूक्ष्म गळतीवर मात्र दिवा पेटत नाही. तेथे मल्टिमीटरच हवा. दिवा वा मीटर असा जोडलेला असताना सेल्फ कदापि मारू नये.

उभी असताना टिकते पण कामाच्या दिवसांत उतरते, अशी तक्रार असल्यास इंजिन मध्यम वेगाने चालू ठेवून दाब मोजावा. तो साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट असावा. कमी भरल्यास पट्टा ढिला आहे काय हे आधी पाहावे, आल्टरनेटर मागाहून उघडावा.

टोकांवर साचलेला पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन व्हॅसलीन लावावे. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. झाकणे उघडणाऱ्या बॅटरीत केवळ डिस्टिल्ड पाणी घालावे, बोअरचे क्षारयुक्त पाणी नव्हे. चार्ज होताना ज्वालाग्राही वायू सुटतो, म्हणून त्या वेळी जवळ विडी-काडी नको. ट्रॅक्टर बरेच दिवस उभा राहणार असेल तर अर्थची तार सोडून बॅटरी सावलीत ठेवावी व महिन्यातून एकदा चार्ज करून घ्यावी.