खाच जुळते, ओळख पटत नाही

सांगलीला माझ्या एका स्नेह्यांचा छोटासा छापखाना आहे. खिळे जुळवण्याचे काम तेथे त्यांच्या वडिलांच्या हयातीतच बंद झाले, आणि टाइपाच्या लाकडी केसी ज्या कोपऱ्यात उभ्या असत त्या कोपऱ्यात सन २००० मध्ये जो संगणक आला, तो विंडोज ९८ या कार्यप्रणालीनिशी आजतागायत तेथेच आहे. मध्यंतरी दोन नवे संगणक आले. परंतु जुना हलला नाही, कारण ज्या मराठी फॉन्टांवर त्या छापखान्याची वर्षानुवर्षांची अक्षरजुळणी झाली, त्यांचे सॉफ्टवेअर प्रिंटरच्या खाचेला लावलेल्या एका चिमुकल्या कुलपाशिवाय चालत नाही, आणि नव्या संगणकाला तसली खाचच नाही. गेल्या आषाढात त्यांचा फोन आला, ‘‘यंत्राला घरघर लागलीय हो. आतलं दप्तर बाहेर कसं काढायचं, तेवढं येऊन सांगा.’’

आतले दप्तर म्हणजे ग्रामदैवतांची माहात्म्ये, शाळांच्या शतकमहोत्सवी स्मरणिका, कीर्तनकारांनी पदरमोड करून छापून घेतलेली आख्याने आणि केव्हाच बंद पडलेल्या दोन दिवाळी अंकांचे संपूर्ण संच. यांपैकी कित्येकांची छापील प्रत आज खुद्द लेखकाच्या घरीही मिळायची नाही. मराठीचे हे धन एका वृद्ध हार्ड डिस्कवर अवलंबून आहे, या जाणिवेने मला त्या रात्री नीट झोप आली नाही, हे सांगायला संकोच वाटत नाही.

मी पोहोचलो तेव्हा स्नेह्यांनी ६४ जीबीचा नवा पेनड्राइव्ह आणूनच ठेवला होता. ‘‘अण्णा, हा लावून पाहिलात का?’’ असे विचारले, तेव्हा म्हणाले, ‘‘बसतो अगदी नीट. पण ते यंत्र काहीतरी डिस्क मागत बसतं.’’ खरोखरच, पेनड्राइव्ह लावताच पडद्यावर एक खिडकी उघडून नव्या उपकरणाच्या ड्रायव्हरची डिस्क मागू लागली, आणि डिस्क नाही म्हटल्यावर निमूटपणे मिटून गेली. खाच जुळली म्हणजे ओळख पटली, अशी आपली स्वाभाविक समजूत असते. वस्तुतः यूएसबीची ओळख तीन पायऱ्यांनी पटते, आणि जुन्या व नव्याची फारकत कोणत्या पायरीवर झाली हे ध्यानात आल्यावाचून उपाय सापडत नाही.

पहिली पायरी विजेची. निळ्या जिभेचा एखादा आधुनिक पेनड्राइव्ह उजेडात धरून पाहावा. पुढच्या अंगाला चार सोनेरी पट्ट्या दिसतात, आणि त्यांच्यामागे, आत खोल, आणखी पाच. पुढच्या चार पट्ट्या १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या यूएसबीच्याच होत. मागच्या पाच २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीने आणल्या. जुन्या संगणकाच्या खाचेतील स्पर्शक त्या पाचांपर्यंत पोहोचतच नाहीत, त्यामुळे त्या मुक्या राहतात आणि व्यवहार जुन्या चारांवरच होतो. या चारांतही कडेच्या दोन मधल्या दोहोंपेक्षा किंचित लांब असतात. कडेच्या पट्ट्या विजेच्या, मधल्या माहितीच्या. पेनड्राइव्ह खोचताना आधी वीज पोहोचावी आणि मग संभाषण सुरू व्हावे, एवढ्यासाठी मिलिमीटरभराची ही तजवीज केलेली आहे. बडोद्याच्या विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट आणि त्यांचे इंटेल व अन्य कंपन्यांतील सहकारी यांनी जी रचना घडवली, तिच्यात पुढे वेग वाढला, दर सेकंदाला १२ मेगाबिटांवरून ४८० आणि पुढे ५००० मेगाबिटांपर्यंत गेला, तरी जुन्या खाचेला कोणी नाकारले नाही. या औदार्याविषयी मला मनापासून आदर वाटतो. या पायरीवर अडचण येते ती पेनड्राइव्हची नव्हे, तर पोर्टेबल हार्ड डिस्कची, कारण जुनी खाच जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर वीज देते आणि तबकडीला गती देण्यासाठी कधीकधी त्याहून अधिक लागते. डिस्क टिकटिकते आणि थांबते. अशा वेळी स्वतंत्र वीज घेणारा यूएसबी हब मध्ये घालावा.

दुसरी पायरी ओळखपत्राची, आणि विंडोज ९८ अडखळते ते येथे. वीज मिळताच प्रत्येक यूएसबी उपकरण आपली कैफियत सादर करते: निर्मात्याचा क्रमांक, नगाच्या प्रकाराचा क्रमांक, आणि आपण कोणत्या वर्गातले, म्हणजे कीबोर्डाच्या, प्रिंटरच्या की साठवणुकीच्या. वर्ग वाचून काम सोपवणे ही आजच्या कार्यप्रणालींची रीत आहे. साठवणुकीच्या वर्गाचा एकच सर्वसाधारण ड्रायव्हर त्यांच्यापाशी असतो आणि जगातील कोणताही पेनड्राइव्ह त्याच्या हाताखाली चालतो. विंडोज ९८ बाजारात आली जून १९९८ मध्ये. तिच्या आधी दोनच महिने, शिकागोच्या प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या उपस्थितीत एक स्कॅनर यूएसबीने जोडून दाखवताना सर्वांसमक्ष संगणक बंद पडून पडदा निळा झाला होता, इतके हे तंत्र तेव्हा कोवळे होते. पेनड्राइव्ह तर २००० च्या अखेरीस विक्रीला आला, आणि आयबीएमच्या नावाने विकल्या गेलेल्या आरंभीच्या नगात अवघे ८ एमबी मावत. जी वस्तू जन्मालाच आली नव्हती तिच्यासाठी विंडोज ९८ मध्ये तरतूद नसणे हा त्या कार्यप्रणालीचा दोष म्हणता येत नाही. विंडोज २००० आणि विंडोज मिलेनियम एडिशन यांना मात्र हा सर्वसाधारण ड्रायव्हर मिळाला.

मधल्या काळात प्रत्येक निर्माता आपापल्या पेनड्राइव्हबरोबर विंडोज ९८ साठी एक चकती देत असे. तो ड्रायव्हर निर्मात्याचा आणि नगाचा क्रमांक ताडून पाही आणि तेवढ्याच नगाला परवाना देई. म्हणून एका कंपनीच्या चकतीवर दुसऱ्या कंपनीचा पेनड्राइव्ह चालत नसे. पुढे काही हौशी जाणकारांनी मिलेनियम एडिशनमधील फायलींच्या आधारे विंडोज ९८ साठीही वर्ग ओळखणारा सर्वसाधारण ड्रायव्हर सिद्ध केला. जुनी यंत्रे जपणाऱ्या मंडळींत तो आजही वापरात आहे, आणि सांगलीच्या यंत्रावर मी तोच घातला. मात्र दोन गोष्टींचे भान ठेवावे लागते. जे यंत्र पेनड्राइव्ह ओळखत नाही त्याच्याकडे हा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून नेता येत नाही. तो नव्या संगणकावर सीडीवर उतरवूनच न्यावा लागतो. आणि पूर्वीच्या फसलेल्या प्रयत्नांचे जे अवशेष डिव्हाइस मॅनेजरमध्ये उरलेले असतात, ते सेफ मोडमध्ये जाऊन आधी काढून टाकावे लागतात, नाहीतर नवा ड्रायव्हर जुन्या नोंदींशी झगडत राहतो. आम्हाला तेथे अकरा अनोळखी उपकरणांच्या नोंदी सापडल्या. गेल्या वर्षभरात अण्णांनी आणि त्यांच्या पुतण्याने आशेने लावून पाहिलेल्या पेनड्राइव्हांच्या त्या खुणा होत्या.

तिसरी पायरी मांडणीची. उपकरणाची ओळख पटली तरी त्यावरील फायली कोणत्या पद्धतीने लावून ठेवल्या आहेत, ते कार्यप्रणालीला वाचता यायला हवे. विंडोज ९८ ला दोनच पद्धती येतात: जुनी फॅट आणि तिची थोरली बहीण फॅट-३२. एनटीएफएस तिला अपरिचित आहे, आणि मोठ्या क्षमतेचे पेनड्राइव्ह व कार्डे आज ज्या एक्सफॅट पद्धतीने मांडलेली येतात, ती तर २००६ मध्ये प्रथम दिसली. अण्णांचा पेनड्राइव्ह एक्सफॅटच होता. तेव्हा नव्या संगणकावर तो पूर्ण पुसून, विभाजनाचा तक्ता जुन्या एमबीआर पद्धतीचा ठेवून, त्यावर ८ जीबीचा एकच पहिला विभाग फॅट-३२ मध्ये तयार केला आणि उरलेली जागा मोकळी सोडली. विकत घेतलेली जागा वाया गेली, असे अण्णांना क्षणभर वाटले. परंतु अशा यंत्राशी व्यवहार करताना लहान घास देणेच हिताचे असते, कारण मोठ्या विभागांवर त्याची दुरुस्तीची साधने कच खातात, आणि त्याच्या संपूर्ण हार्ड डिस्कवरील मजकूर भरून भरून किती, तर आमच्या बाबतीत २.४ जीबी.

विंडोज एक्सपी वापरणाऱ्यांची वाट पुष्कळ सुकर आहे. तिला पेनड्राइव्ह उपजत ओळखता येतो, एक्सफॅटसाठी २००९ मध्ये एक पुरवणीही निघाली होती. तेथे मुख्य अडसर जीपीटी पद्धतीच्या मोठ्या डिस्कांचा, ज्या तिच्या ३२ बिटी आवृत्तीला वाचता येत नाहीत.

नकल करायला पाऊण तास लागला. जुन्या यूएसबीवरून सेकंदाला सुमारे एक एमबीच वाहते, आणि त्या वाहण्याला घाई चालत नाही. तेवढ्या वेळात मी अण्णांना दोन पथ्ये समजावून सांगितली. काम संपले तरी पेनड्राइव्ह झटकन उपटू नये. यंत्र काही नोंदी आपल्या स्मृतीत धरून ठेवते आणि सवडीने लिहिते, म्हणून घड्याळाशेजारच्या चिन्हावरून रीतसर निरोप घ्यावा, किंवा यंत्र बंद करूनच काढावा. आणि हा पेनड्राइव्ह याच कामाला राखून ठेवावा, इकडचा तिकडे लावू नये. २००८ च्या नोव्हेंबरात प्रकटलेला कॉन्फिकर हा उपद्रवी प्रोग्रॅम पेनड्राइव्हच्याही पाठीवर बसून यंत्रायंत्रांत शिरत होता, आणि विंडोज ९८ च्या सुरक्षेची दुरुस्ती तर जुलै २००६ मध्येच थांबली आहे.

नावांचाही एक प्रश्न आहे. पुतण्याने नव्या संगणकावर देवनागरीत नाव दिलेली एक फाइल पेनड्राइव्हवर होती. जुन्या यंत्राला तिच्या नावाच्या जागी नुसत्या रेघा दिसल्या, आणि ती उघडेना. जुन्याकडे न्यायच्या फायलींची नावे रोमनमध्ये आणि आखूड ठेवावीत. पाने मांडण्याच्या पेजमेकर या प्रोग्रॅमची फाइल त्याच्यावाचून सहसा नीट उघडत नाही, म्हणून महत्त्वाच्या पुस्तकांची पाने जुन्या यंत्रावरच पोस्टस्क्रिप्टमध्ये उतरवून तीही सोबत घेतली. हे सर्व होईतो यंत्र तग धरणार नाही असे दिसले असते, तर मी डिस्कच बाहेर काढून यूएसबीच्या जोडणीने नव्या संगणकाला लावली असती. तो मार्गही चांगला आहे, पण चालत्या यंत्राचे पोट उघडण्याचे धाडस शेवटी करावे.

नव्या संगणकावर पहिली फाइल उघडली आणि अण्णांचा चेहरा उतरला. पानभर रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि कंस पसरले होते. त्या काळच्या फॉन्टांत देवनागरी वळणे रोमन अक्षरांच्या घरांत बसवलेली असत. तो फॉन्ट नसेल तर मजकूर शाबूत असूनही वाचता येत नाही. आम्ही पुन्हा कोपऱ्यातल्या यंत्राकडे गेलो. पेनड्राइव्ह लावला, या खेपेस खिडकीने डिस्क मागितली नाही, सरळ नवा ड्राइव्ह समोर आला. विंडोजच्या फॉन्टांच्या फोल्डरमधून अण्णांनी आपल्या ओळखीचा एकेक फॉन्ट नाव वाचून स्वतः निवडला, घड्याळाशेजारच्या चिन्हावर बोट ठेवून माझ्याकडे पाहिले, मी मान हलवल्यावरच पेनड्राइव्ह काढला, आणि नव्या संगणकावर ते फॉन्ट बसवून तीच फाइल उघडली. २००३ सालच्या एका माहात्म्याचे पहिले पान होते. अण्णा चष्मा सरसावून ते मोठ्याने वाचू लागले, आणि तिसऱ्याच ओळीत त्यांना एक मुद्रणदोष सापडला.