ब्रेन गेम नको, व्हिडिओ कॉल लावा

घरातलं वयस्कर माणूस विसरायला लागलं की आपण काय करतो? त्यांच्या फोनवर एक ब्रेन गेम टाकून देतो. पण सुडोकू पटापट सुटायला लागलं म्हणून गॅस बंद करायचं लक्षात राहीलच असं नाही. 'ल्युमॉसिटी' बनवणाऱ्या कंपनीने पुरेशा पुराव्याशिवाय असेच दावे केले, म्हणून २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तिला २० लाख डॉलर भरायला लावले.

मला पटलेली पद्धत कॅनडातली आहे, नाव 'को-ऑप'. हेलेन पोलाटायको आणि अँजेला मँडिक यांनी ती मुळात हालचाली जमायला अवघड जाणाऱ्या मुलांसाठी तयार केली. पुढे ती वयस्कर लोकांसाठी वापरली गेली, ऑनलाइनसुद्धा. गाभा चार पायऱ्यांचा: ध्येय ठरवा, योजना करा, करून बघा, तपासा. थोडक्यात, डिबगिंगच! फक्त इथे थेरपिस्ट उत्तर सांगत नाही. प्रश्न विचारतो, उपाय माणसानं स्वतः शोधायचा.

माझे आजोबा कराडला, मी पुण्यात. बीपीची गोळी कधी दोनदा, कधी नाहीच. आम्ही सगळे आळीपाळीने फोन करून "घेतली का?" विचारायचो आणि ते वैतागायचे. ऑक्युपेशनल थेरपिस्टनी व्हिडिओ कॉलवर वेगळंच विचारलं, "आजोबा, सकाळी न चुकता काय करता?" चहा! आणि गोळ्या होत्या आतल्या खोलीतल्या कपाटात. आजोबांनीच ठरवलं, सात कप्प्यांची डबी साखरेच्या डब्याशेजारी ठेवायची. कप्पा रिकामा म्हणजे गोळी झाली, दुसरी घ्यायची नाही. रविवारी फसलं, कारण रविवारचा चहा आत्याकडे असतो. दुरुस्तीही त्यांचीच: शनिवारी रात्री ती डबी चपलांच्या स्टँडवर.

हे दवाखान्यात कळलं नसतं, तिथे त्यांचा ओटा कुठे असतो? दूरून करायचा खरा फायदा हाच. अडचणीही आहेत. ऐकू कमी येतं, हातातला फोन छताकडे वळतो. शंभर-दीडशेचा स्टँड आणि स्पीकर घ्याच. पण मदतीच्या नावाखाली त्यांच्या फोनवर स्क्रीन शेअरिंगचं अ‍ॅप टाकून ठेवू नका. फसवणारे त्याच वाटेने बँक खात्यापर्यंत पोचतात.

आणि हे सगळं डॉक्टरांना दाखवल्यानंतर. बी-१२ कमी असणं, थायरॉइड, नैराश्य, काही औषधं यांनीही विसरायला होतं आणि त्यावर इलाज असतो. अचानक गोंधळायला लागले, तर कॉलची वाट न बघता थेट दवाखाना गाठा. कुठे विचारायचं हेच कळत नसेल तर ज्येष्ठांसाठीची सरकारी एल्डरलाइन आहे, १४५६७, फोन मोफत.

कॉल सुरू असताना तुम्ही शेजारी बसलात तर एक पथ्य पाळा. प्रश्न आजोबांना आहे, उत्तर तुम्ही द्यायचं नाही. दहा सेकंद शांतता झाली तरी होऊ द्या.