कासवीची दृष्टी कोणी ठेवायची?

संतवाङ्मयाच्या वाचकाला कासवीचा दृष्टान्त नवा नाही. पक्षिणी पिलांना चारा भरवते, गाय वासराला पान्हा सोडते; कासवी मात्र दूर राहून केवळ नजरेने आपली पिले पोसते, असे मानून आमच्या संतांनी ईश्वरी कृपेला कासवीच्या दृष्टीची उपमा दिली. उपमा म्हणून ती अप्रतिमच आहे. निसर्गातील वस्तुस्थिती मात्र अगदी उलट आहे. समुद्रातील कासवी रात्रीच्या वेळी किनाऱ्यावर येते, मागच्या पायांनी वाळूत खड्डा उकरते, त्यात शंभरावर अंडी घालते, वाळू लोटून ती अंगाने दाबते आणि आल्या वाटेने परत जाते. त्या अंड्यांकडे ती पुन्हा कधीही फिरकत नाही. तिची पिले जन्मतात ती पोरकीच. त्यांच्यावर कोणाची दृष्टी असायची असेल, तर ती किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाचीच असली पाहिजे.

देवळाच्या सभामंडपात देवासमोर कोरलेल्या दगडी कासवाला हात लावून आपण तो हात मस्तकी लावतो. मंदार पर्वत पाठीवर तोलणाऱ्या कूर्मावताराची कथा लहानपणापासून ऐकतो. परंतु या श्रद्धेला ज्ञानाची जोड क्वचितच मिळते. मराठीत कासव हा एकच शब्द असल्यामुळे सगळी कासवे सारखीच, असा आपला समज होऊन बसला आहे. वास्तविक जगात कासवांच्या साडेतीनशेच्या आसपास जाती आहेत आणि एकीचे घर ते दुसरीचे मरण, इतका त्यांच्यात फरक आहे. जमिनीवर राहणारे कासव सापडले आणि पुण्य म्हणून ते तळ्यात सोडले, तर ते बिचारे बुडून मरते. तळ्यातले कासव समुद्रात सोडले, तर खाऱ्या पाण्यात त्याचा निभाव लागत नाही. पाय पाहिले तरी पुष्कळ उलगडा होतो. जमिनीवरच्या कासवाचे पाय हत्तीच्या पायांसारखे खांबी असतात, गोड्या पाण्यातल्याच्या बोटांत पडदे असतात आणि समुद्रातल्याचे पाय म्हणजे थेट वल्हीच.

आपल्या गोव्याच्या तळ्यांत, ओढ्यांत आणि शेतांच्या पाण्यात मुख्यतः दोन जाती आढळतात. एक काळपट कवचाची, पाठीवर तीन उभे कणे असलेली. दुसरी मऊ पाठीची. धोका जाणवताच अंग आत ओढून घेऊन ती पोटाकडच्या कातडी झडपांनी मागचे पाय झाकून टाकते. उन्हाळ्यात तळी आटली की ही कासवे चिखलात स्वतःला गाडून घेतात आणि पहिल्या पावसाबरोबर बाहेर पडतात. नेमक्या याच दिवसांत त्यांना पकडून मांसासाठी मारण्याची चाल अद्याप समूळ गेलेली नाही. आपल्याच पश्चिम घाटात, दक्षिणेकडे केरळ-कर्नाटकाच्या अरण्यांत, वेताच्या रानात राहणारे एक चिमुकले कासव आहे. १९१२ साली शास्त्राला ज्ञात झालेले हे कासव पुढे सत्तर वर्षे जणू नाहीसेच झाले होते. जे. विजया या तरुण संशोधिकेने १९८२ साली ते पुन्हा शोधून काढले. ती अल्पवयातच निवर्तली. २००६ साली त्या कासवाच्या प्रजातीला तिचेच नाव देण्यात आले.

पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेले कासव हे मात्र आपल्या दमट किनारपट्टीचे नव्हे. ते गुजरात-राजस्थानच्या आणि दक्षिणेकडील कोरड्या माळरानांचे, तसेच श्रीलंकेचे. त्याचे सौंदर्यच त्याला भोवले. घरात कासव असले की लक्ष्मी येते, या समजुतीने आणि परदेशी हौशी लोकांच्या मागणीमुळे त्याची प्रचंड चोरटी निर्यात होत आली. २०१९ साली आंतरराष्ट्रीय करारान्वये त्याच्या व्यापारावर सर्वांत कडक निर्बंध घालण्यात आले. कानाजवळ तांबडी रेघ असलेली जी इवलीशी हिरवी कासवे दुकानांतून विकली जातात, ती तर मूळची अमेरिकेतील. मोठी झाली की कंटाळून लोक ती जवळच्या तळ्यात सोडून देतात आणि तेथील देशी कासवांच्या अन्नावर व जागेवर ती आक्रमण करतात. घरातल्या काचेच्या पेटीत लक्ष्मी कोंडता येत नाही, एवढे तरी श्रद्धावंतांनी ध्यानी घ्यावे.

समुद्री कासवांच्या जाती साऱ्या जगात अवघ्या सात. त्यांतील पाच भारताच्या सागरात आढळतात. समुद्री गवतावर चरणारे हिरवे कासव. प्रवाळाच्या आश्रयाने राहणारे आणि कवचाच्या कंगव्या-डब्यांपायी शतकानुशतके मारले गेलेले चोचीचे कासव. कठीण कवचाऐवजी चामड्याची पाठ असलेले, सर्वांत अवाढव्य आणि अंदमान-निकोबारच्या वाळूत अंडी घालणारे कासव. मोठ्या डोक्याचे कासव. आणि पाचवे ऑलिव्ह रिडले. हे पाचवे कासव आपले खास पाहुणे. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे आपले चार किनारे त्याची विणीची स्थाने आहेत. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत या चारही किनाऱ्यांचा नावानिशी उल्लेख असून कासवांच्या विणीच्या क्षेत्रात कोणतीही विकासकामे होऊ नयेत, असे तिच्यात स्पष्ट नमूद केले होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात या कासवाला स्थान आहे. कागदावर यापेक्षा अधिक ते काय हवे?

परंतु कासव कागदावर अंडी घालीत नाही. अंड्यांतून पिले बाहेर पडायला साधारण दीड ते दोन महिने लागतात. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक होतात, थंड राहिली तर नर. इतके ते गणित नाजूक आहे. रात्री बाहेर पडलेले पिलू जिकडे उजेड दिसेल तिकडे धावते. लक्षावधी वर्षे तो उजेड समुद्रावरच्या आकाशाचा होता. आता पाठीमागे शॅकचे आणि हॉटेलांचे दिवे झगमगतात, आणि पिलू समुद्राऐवजी रस्त्याकडे वळते. खोल पाण्यात दुसरे संकट असते. कासव फुप्फुसाने श्वास घेते. ट्रॉलरच्या जाळ्यात तासन् तास अडकून राहिले तर ते गुदमरून मरते. जाळ्यात सळ्यांची चौकट बसवून कासवाला निसटण्याची वाट ठेवणारे साधन उपलब्ध आहे. त्याचा वापर झाला पाहिजे. मच्छीमारांच्या पोटावर पाय न आणता तो करता येतो.

हे होऊ शकते, याचे उदाहरण फार दूर नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावी २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून अंड्यांची राखण सुरू केली. पुढे तेथे कासव महोत्सव भरू लागला. अंधारात, शांतपणे पिलांचा समुद्रप्रवेश पाहायला माणसे लांबून येतात आणि गावातल्या घरांतच उतरतात. कासव जगल्याने गावाचेही चालले. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर, जेथे ही कासवे लाखांनी एकत्र येतात, तेथे खुणेची पट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालण्यास आली. देशाचे दोन्ही किनारे तिला एकच. आपल्या हद्दीपुरते पाहून हात झटकणे म्हणूनच बरोबर ठरणार नाही.

गोव्यातही वन खात्याचे रक्षक आणि किनाऱ्यावरचे काही तरुण रात्री जागून अंड्यांची राखण करतात. त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु चार किनाऱ्यांची जबाबदारी मूठभर जागल्यांवर टाकून बाकीच्यांनी दिव्यांच्या झगमगाटात संगीत वाजवीत बसावे, हे न्याय्य नव्हे. विणीच्या हंगामात या किनाऱ्यांवरील समुद्राकडे तोंड करून लावलेले दिवे रात्री मालवावेत, संगीत थांबवावे, वाळूवर वाहने आणू नयेत आणि मांडलेल्या खुर्च्या व बाकडी संध्याकाळनंतर उचलावीत. नियम आहेत, पंचायतींनी आणि सरकारने ते मोडणाऱ्यांची गय करू नये. पर्यटनाचा धंदा बुडेल ही भीती फोल आहे. चार किनारे रात्रीपुरते काळोखात ठेवल्याने गोवा दरिद्री होणार नाही.

कासवी मागे वळून पाहत नाही; तिने आपली अंडी आपल्या वाळूच्या भरवशावर टाकली आहेत. सभामंडपातल्या दगडी कासवाला जो हात लागतो, तोच हात किनाऱ्यावरचा एक दिवा मालवील, तर संतांची उपमा निसर्गातही खरी ठरेल.