हिमनदीची पाती आणि दाभोळची खाडी

सिडकोतल्या एका वाचक भगिनी न्यूझीलंडला मुलाकडे गेल्या होत्या. क्वीन्सटाउनहून पहाटे बसने निघून मिलफर्ड साउंडला पोहोचल्या, बोटीत बसल्या आणि दिवसभर धो धो पाऊस. शिखरे ढगात. त्यांनी विचारले आहे: सहल वाया गेली का? आणि असा फियोर्ड, म्हणजे हिमनदीने कोरलेली आणि समुद्राने भरलेली दरी, महाराष्ट्रात आहे का?

वाया मुळीच गेली नाही! तिथे वर्षाला साडेसहा मीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्या आंबोलीच्या तोडीचा. उभ्या कड्यांवर माती नावापुरतीच, त्यामुळे पाणी मुरत नाही. जागोजागी धबधबे सुटतात आणि पाऊस थांबला की काही तासांत आटतात. बोटीखाली तर आणखी नवल. पावसाचे गोडे पाणी हलके, ते खाऱ्या पाण्यावर थर धरून राहते. रानातल्या पालापाचोळ्यातून आल्याने ते तपकिरी असते आणि उजेड अडवते. म्हणून एरवी खोल समुद्रात वाढणारे काळे पोवळे इथे दहा-बारा मीटरवरच सापडते.

मिलफर्डची ही दरी हिमनदीने कोरली. बर्फ तसा मऊच. पण तळाशी गोठलेले दगड रंध्याच्या पात्यासारखे खडक तासत जातात. नदीला समुद्रपातळीच्या फार खाली खोदता येत नाही, शेकडो मीटर जाडीच्या हिमनदीला येते.

हे ओळखणाऱ्याचे नाव मात्र मागे पडले. येन्स एसमार्क हे क्रिस्टियानियाचे, म्हणजे आजच्या ऑस्लोचे, खनिजशास्त्राचे प्राध्यापक. नॉर्वेतल्या लिसेफियोर्डच्या तोंडाशी, समुद्रसपाटीजवळ, त्यांना वाळू-गोट्यांचा आडवा बांध दिसला. असे बांध हिमनदी पुढे ढकलते, आणि तिथे तर बर्फाचा मागमूस नव्हता. पूर्वी इथवर बर्फ होता आणि त्यानेच या दऱ्या कोरल्या, असे त्यांनी १८२४ मध्ये लिहिले. १८२६ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतरही आले. लुई अगासी यांचे हिमयुगावरचे गाजलेले व्याख्यान १८३७ चे, पुस्तक १८४० चे. हिमयुग म्हटले की आजही नाव त्यांचेच निघते. एसमार्क १८३९ मध्ये वारले. हा अन्याय आहे, आणि तो दुरुस्त व्हायला हवा.

आता दुसरा प्रश्न. महाराष्ट्रात फियोर्ड नाही, कारण त्या हिमयुगात इथे हिमनद्या नव्हत्या. अजिंठ्याची नालाकृती दरी वाघोरा नदीने, निव्वळ पाण्याने, बेसाल्टात कापली आहे. पण सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, जगाचे इतके पाणी बर्फात अडकले असताना, समुद्र आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होता. बर्फ वितळला, समुद्र चढला आणि हिमनद्यांनी कोरलेल्या दऱ्यांत शिरला. तोच समुद्र कोकणातल्या नद्यांच्या दऱ्यांतही शिरला. वाशिष्ठीची दाभोळ खाडी, शास्त्रीची जयगड खाडी या अशा बुडालेल्या दऱ्या. तेव्हा दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने जाल तेव्हा गाडीत बसून राहू नका, कठड्याशी उभे राहा: मिलफर्डची दरी भरणारी भरती हीच.