दुकानात सार्वजनिक वाय-फाय: परवाना नको, पण जबाबदारी हवी

उपाहारगृह, किराणा दुकान किंवा केशकर्तनालय चालवणाऱ्या व्यावसायिकाला आपल्या जागेत सार्वजनिक वाय-फाय सेवा देण्यासाठी स्वतंत्र परवाना घ्यावा लागत नाही, दूरसंचार विभागाकडे नोंदणी करावी लागत नाही आणि शुल्कही भरावे लागत नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी मंजूर केलेल्या ‘पीएम-वाणी’ योजनेने ही मुभा दिली आहे. दुकान नाशिकला असो, इंदूरला असो वा बडोद्याला, नियम एकच आहे. मात्र आपल्या जोडणीचा पासवर्ड भिंतीवर लिहून ठेवणे म्हणजे सार्वजनिक वाय-फाय सेवा सुरू करणे नव्हे. हा फरक न समजल्यास व्यावसायिक अडचणीत येऊ शकतो.

२००८ चा धडा

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये झालेल्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना एक ई-मेल पाठवण्यात आला होता. तो नवी मुंबईतील एका घरातील असुरक्षित वाय-फाय जोडणीचा गैरवापर करून पाठवला गेल्याचे तपासात दिसून आले. त्यामुळे तपास यंत्रणा प्रथम पोहोचली ती जोडणीधारकाकडे. त्याचा कटाशी संबंध आढळला नाही. तरी चौकशीला त्याला सामोरे जावे लागले. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सार्वजनिक ठिकाणी वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख छायाचित्रासह ओळखपत्राने किंवा भ्रमणध्वनीवर पाठवलेल्या संकेतांकाने पटवण्याचे निर्देश दिले.

योजनेची रचना

पीएम-वाणी योजनेत कामाची वाटणी केलेली आहे. वाय-फाय देणाऱ्या दुकानदाराला ‘पब्लिक डेटा ऑफिस’ म्हणजेच पीडीओ म्हणतात. एके काळी गावोगावी दिसणाऱ्या पीसीओची आठवण करून देणारे हे नाव आहे. अशा अनेक दुकानांना एकत्र जोडणारी, वापरकर्त्यांची पडताळणी आणि हिशेब सांभाळणारी संस्था म्हणजे ‘अ‍ॅग्रिगेटर’. तिसरा घटक अ‍ॅप पुरवणाऱ्या कंपनीचा. या दोघांना दूरसंचार विभागाकडे नोंदणी करावी लागते. सर्वांची मध्यवर्ती नोंदवही ‘सी-डॉट’ ही सरकारी संस्था सांभाळते.

ग्राहक अ‍ॅपवर एकदा आपली ओळख पटवतो, जवळचे वाय-फाय केंद्र निवडतो आणि हवा तेवढा डेटा विकत घेतो. दुकानदाराला कोणाचेही ओळखपत्र तपासावे लागत नाही. म्हणून नोंदणीकृत अ‍ॅग्रिगेटर निवडणे आणि त्याच्याशी उत्पन्नाच्या वाटणीबाबत लेखी करार करणे हे पहिले काम ठरते.

खर्चाचा प्रश्न

राष्ट्रीय डिजिटल दळणवळण धोरण, २०१८ मध्ये २०२२ पर्यंत एक कोटी सार्वजनिक वाय-फाय केंद्रांचे उद्दिष्ट ठेवले होते. प्रत्यक्षात योजनेतील केंद्रांची संख्या २०२५ मध्येही काही लाखांतच होती. लहान दुकानदारांकडे महागड्या व्यावसायिक जोडणीचा आग्रह धरला जातो, हे यामागील एक प्रमुख कारण भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच ‘ट्राय’ने नोंदवले. त्यावर १६ जून २०२५ च्या आदेशाने ट्रायने मर्यादा घातली. २०० एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती फायबर योजना पीडीओंनाही उपलब्ध करून द्याव्यात आणि त्यांचा दर घरगुती दराच्या दुपटीहून अधिक नसावा, असा हा आदेश आहे. म्हणजे घरगुती योजना महिना ५०० रुपयांची असेल, तर पीडीओकडून १,००० रुपयांपेक्षा अधिक आकारता येणार नाहीत.

तरीही उत्पन्नाचा अंदाज सावधपणे बांधावा. मोबाईल डेटा स्वस्त असलेल्या ठिकाणी वाय-फायसाठी वेगळे पैसे मोजणारे ग्राहक थोडेच मिळतात. तळघरातील बाजारपेठ, वसतिगृहांचा परिसर किंवा मोबाईलचे जाळे क्षीण असलेले गाव येथे मागणीची शक्यता अधिक असते.

तांत्रिक काळजी

अ‍ॅग्रिगेटरच्या प्रणालीशी जुळणाराच राउटर घ्यावा. तो दुकानाच्या मध्यभागी, उंचावर आणि लोखंडी कपाटापासून दूर बसवावा. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर लांबवर पोहोचते, पण गर्दीच्या बाजारात तिच्यात अडथळे येतात; ५ गिगाहर्ट्‌झवर वेग अधिक मिळतो, पण भिंतींपुढे तिचा जोर कमी पडतो. दोन्ही लहरींवर चालणारे उपकरण त्यामुळे सोयीचे ठरते.

ग्राहकांचे वाय-फाय आणि दुकानाचा व्यवहार यांची सरमिसळ होऊ देऊ नये, ही सर्वांत महत्त्वाची खबरदारी आहे. बिलाचा संगणक, कार्डयंत्र आणि सीसीटीव्ही यांच्यासाठी स्वतंत्र जाळे ठेवावे. ग्राहकांची उपकरणे एकमेकांना दिसणार नाहीत, अशी राउटरमधील सोय सुरू करावी. राउटरसोबत आलेला मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि त्याची प्रणाली वेळोवेळी अद्ययावत करावी. एकाच ग्राहकाने सारा वेग वापरू नये म्हणून प्रत्येकासाठी कमाल वेग ठरवून द्यावा. वीज जाणाऱ्या भागात राउटर आणि फायबरचे यंत्र या दोन्हींना बॅटरीचा आधार लागतो.

योजनेत सहभागी व्हायचे नसेल, तर दुकानाचा खासगी पासवर्ड ग्राहकांना देऊ नये, हेच श्रेयस्कर. त्या जोडणीवरून काही गैरप्रकार घडल्यास पहिली विचारणा जोडणी ज्याच्या नावावर आहे त्यालाच होते.