संगणक नव्याने बसविण्यापूर्वी फाईली वाचवा

वर्धा जिल्ह्यात कापूस, सोयाबीन व तूर ही खरिपाची मुख्य पिके होत. आष्टी व कारंजा तालुक्यांत संत्र्याच्या बागाही आहेत. या शेतीचा जमाखर्च, खतांच्या पावत्या आणि गारपिटीने पडलेल्या फळांची छायाचित्रे आता पुष्कळ घरांत व बचत गटांत संगणकावर ठेवली जातात. असा संगणक एखाद्या सकाळी सुरू होईनासा झाला, म्हणजे घाईघाईने विंडोज नव्याने बसविली जाते. संगणक चालू होतो. परंतु कित्येक वर्षांचा संग्रह नाहीसा झालेला असतो. ही हानी बहुधा टाळता येते.

बिघाड कोठे असतो?

संगणकाचा कारभार चालविणाऱ्या मूळ आज्ञावलीस ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज ही त्यांपैकी एक होय. ही आज्ञावली आणि मालकाच्या फाईली एकाच डिस्कवर, पण निरनिराळ्या फोल्डरांत असतात. काम चालू असता वीज गेल्यास आज्ञावलीचा काही भाग बिघडू शकतो. फाईली मात्र बहुधा शाबूत राहतात. घराचे दार अडकले म्हणून आतील कणगीतले धान्य नासत नाही, तसेच हे आहे. परंतु नवी आज्ञावली बसविताना डिस्क 'फॉरमॅट' केली, तर कणगीच रिकामी होते.

फाईली काढण्याची रीत

लिनक्स ही विनामूल्य मिळणारी आज्ञावली डिस्कला हात न लावता पेन ड्राइव्हवरून चालू शकते. सी-डॅक या सरकारी संस्थेची 'बॉस' आज्ञावली याच प्रकारची आहे.

१. दुसऱ्या, चांगल्या संगणकावर लिनक्स उतरवून घ्यावी व रुफससारख्या साधनाने पेन ड्राइव्हवर लिहावी. यात त्या पेन ड्राइव्हवरील जुना मजकूर पुसला जातो. म्हणून तो रिकामा असावा.

२. बिघडलेला संगणक सुरू करताना एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप यांपैकी त्या बनावटीस लागू असलेली कळ दाबून पेन ड्राइव्ह निवडावा.

३. पडद्यावर 'ट्राय' व 'इन्स्टॉल' असे पर्याय आल्यास 'ट्राय' हाच घ्यावा. 'इन्स्टॉल' केल्यास डिस्क पुसली जाण्याचा धोका असतो.

४. डिस्कवरील 'यूजर्स' फोल्डरात मालकाच्या नावाचे फोल्डर उघडावे. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स व पिक्चर्स यांच्या प्रती दुसऱ्या पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरील डिस्कवर घ्याव्यात.

५. त्या प्रती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. त्या नीट उघडल्यावरच नवी आज्ञावली बसवावी.

आधी काय वाचवावे?

सातबारा व आठ-अ यांचे उतारे शासनाच्या संकेतस्थळावरून पुन्हा मिळतात. पडलेल्या पिकाचे छायाचित्र, गटाचा हिशेब व घरातील जुनी छायाचित्रे पुन्हा मिळत नाहीत. वेळ थोडा असल्यास प्रथम हीच घ्यावीत.

सावधगिरी

डिस्कमधून टकटक असा आवाज येत असल्यास दोष यंत्रात आहे असे समजावे. अशा वेळी संगणक ताबडतोब बंद करून जाणकारास दाखवावा. वारंवार सुरू केल्याने हानी वाढते. डिस्क 'बिटलॉकर'ने कुलूपबंद असल्यास ४८ अंकी किल्ली लागते. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन केलेली असते. चुकून फॉरमॅट झालेच, तर त्या डिस्कवर काहीही नवे लिहू नये. जुन्या फाईली मिळण्याची आशा त्यावरच अवलंबून असते. संगणक दुरुस्तीस देताना 'फाईली काढल्याशिवाय फॉरमॅट करू नये' असे स्पष्ट लिहून द्यावे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. त्यामुळे जुन्या संगणकांवर आज्ञावली बदलण्याचे प्रसंग येतील. चालू संगणकाची आज्ञावली बदलतानाही हीच शिस्त पाळावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी लिनक्सचा एक पेन ड्राइव्ह तयार ठेवल्यास गावातील अनेकांची अडचण दूर होईल. शहाणा शेतकरी बियाणे एकाच कणगीत ठेवीत नाही. महत्त्वाच्या फाईलींचीही दुसरी प्रत संगणकाबाहेर असावी व दर महिन्यास ती नवी करावी.